दोन फूट सहा इंच

टार्नेटमध्ये मला चेहऱ्याने ओळखू लागलेला पहिला जीव म्हणजे एक पक्षी. मुलाच्या घरी येऊन जेमतेम चार दिवस झाले होते. सकाळी सातला पाय मोकळे करायला एकटाच निघालो, आणि कोपऱ्यावरच्या निलगिरीच्या झाडाखालून जाताना मागून डोक्यावर सणसणीत टपली बसली. कुणा पोराने चेंडू मारला असं वाटून वळलो, तर कुणीच नाही. दोन पावलं टाकली तर पुन्हा. या वेळी कानाशी चोचीचा 'टक' असा आवाजही आला. आपल्या दयाळासारखाच काळापांढरा, पण कावळ्याएवढा पक्षी समोरच्या तारेवर बसून माझ्याकडे बघत होता.

घरी येऊन सांगितलं तर नात, ईरा, पोट धरून हसली. "आबा, तो मॅगपाय आहे. त्याची पिल्लं आहेत तिथे." इथे सप्टेंबर म्हणजे वसंत. घरट्यात पिल्लं असतात तेवढे काही आठवडे काही नर येणाऱ्याजाणाऱ्यावर झडप घालतात. ते माणसांचे चेहरे लक्षात ठेवतात म्हणे. पोस्टमन, सायकलवाले, सगळे हैराण. सायकलवाली मुलं तर हेल्मेटला प्लास्टिकच्या पट्ट्या लावून साळिंदरासारखी फिरतात. ईराने माझ्या पांढऱ्या टोपीच्या मागच्या बाजूला जाड पेनाने दोन मोठे डोळे काढून दिले. आपण मागे बघतोय असं वाटलं की तो येत नाही, हा तिच्या शाळेतला तोडगा. खरं सांगायचं तर त्याचा फार उपयोग झाला नाही. पण टोपी मी पुढचे तीन महिने घातली.

आम्ही दोघं बार्शीचे. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवायचो, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. मुलगा आणि सून दोघंही नोकरीवाले, मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नेट नावाच्या उपनगरात घर घेतलंय. दहा वर्षांपूर्वी इथे शेतं होती म्हणतात. आता रस्त्यावर निघालं की पंजाबी, तेलुगू, गुजराती कानावर पडतं. मधूनच एखादं "अगं ए, हळू!"सुद्धा. व्हिसावर तीन महिने राहायची परवानगी होती. सप्टेंबरच्या मध्यावर आलो, डिसेंबरच्या मध्यावर परत.

येतानाचा एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. ऑस्ट्रेलियात खाण्याच्या वस्तूंबाबत फार कडक आहेत, लपवलं तर जबर दंड. म्हणून विमानात भरायच्या कार्डावर मी सगळं 'हो' लिहिलं. तपासणीच्या टेबलावर बॅग उघडली. शेंगदाण्याची चटणी पास. गोडा मसाला पास. मेतकूट हुंगून पास. मग बाई थांबल्या त्या कडक भाकरीच्या चवडीवर. सोलापूरकडची ज्वारीची कडक भाकरी, पापडासारखी वाजणारी, कित्येक आठवडे टिकणारी. त्यांनी एक बोटाने वाजवून पाहिली, उजेडात धरली आणि विचारलं, "हे खायचं आहे की भिंतीला लावायचं?" खायचं, असं म्हटल्यावर हसून परत ठेवली. पेढे मात्र गेले. दुधाचे पदार्थ चालत नाहीत. हिने पंढरपूरहून खास आणलेला अर्धा किलोचा पुडा डोळ्यादेखत पेटीत टाकला आणि बाहेर येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. जणू तो नियम मीच केला होता.

पहिले आठ दिवस आम्ही पाहुणे होतो. पाहुण्याचं कसं असतं, 'तुम्ही बसा बाबा', 'आई, तुम्ही नका करू'. मुलगा दोन दिवस घरून काम करतो, पण दार लावून. आम्ही बाहेर सोफ्यावर आवाज न करता. म्हण आहेच, एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. बारा आठवडे राहणाऱ्याने काय करावं, ते म्हणीत नाही.

मी कचऱ्यापासून सुरुवात केली. इथे प्रत्येक घराला चाकांचे मोठे डबे, झाकणांचे रंग वेगळे. घरचा कचरा दर आठवड्याला जातो, पुनर्वापराचा पिवळ्या झाकणाचा डबा एका आठवड्याला, बागेच्या कचऱ्याचा हिरव्या झाकणाचा दुसऱ्या. आदल्या रात्री रस्त्याच्या कडेला लावून ठेवायचे. हे काम मी मागून घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात पिवळ्याऐवजी हिरवा लावला. सकाळी बघतो तर आमच्या ओळीतल्या सहा घरांपुढे हिरवे डबे! मुलगा म्हणाला, "बाबा, इथे कुणाच्याच लक्षात राहत नाही. जो पहिला लावतो त्याचं बघून सगळे लावतात." चौतीस वर्षं फळ्यावर गणितं सोडवली, पण इतक्या विश्वासाने माझं उत्तर कुणी उतरवून घेतलं नव्हतं.

दुसरी गोष्ट बस. घराजवळच्या थांब्यावरून टार्नेट स्टेशनला बस जाते. हिरवट रंगाचं 'मायकी' कार्ड चढताना टेकवायचं, आणि आगगाडीला तर उतरून बाहेर पडतानाही. मुलाने शनिवारी एकदा नेऊन दाखवलं. सोमवारी आम्ही दोघंच गेलो आणि स्टेशनवर कॉफी पिऊन परत आलो. एवढंच. पण परतताना ही खिडकीतून बघत म्हणाली, "आता मला कुणाला विचारायला नको." मला वाटतं आमची सुट्टी खरी त्या सोमवारी सुरू झाली.

त्याच महिन्यात शाळेला दोन आठवड्यांची सुट्टी लागली. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी यांच्या फुटबॉलची अंतिम मॅच, आणि तिच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, अख्ख्या राज्याला सरकारी सुट्टी. पुढे नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी घोड्यांच्या शर्यतीची सुट्टी. ही म्हणाली, "आपल्याकडे आषाढीला असते, तसं यांचं." बरोबरच आहे. ज्याची त्याची वारी.

सुट्टीत ईराला पफिंग बिलीला न्यायचं मुलाने आधीच ठरवलं होतं. मेलबर्नच्या पूर्वेला डँडेनाँगच्या डोंगरात धावणारी वाफेच्या इंजिनाची जुनी गाडी. तिकिटं काढून ठेवली होती. आणि नेमकं आदल्या रात्री मुलाच्या ऑफिसात काहीतरी बंद पडलं. सुनेलाही रजा नव्हती. ईराचा चेहरा पडला. मी म्हटलं, "आम्ही नेतो."

घरात क्षणभर शांतता. मग मुलाने वहीच्या कागदावर लिहून दिलं. टार्नेटहून सदर्न क्रॉस. तिथून बेलग्रेव्हची गाडी. बेलग्रेव्ह हे शेवटचं स्टेशन, त्यामुळे चुकायचा प्रश्नच नाही. सूनबाईने माझ्या फोनवर असं काही लावून दिलं की आम्ही कुठे आहोत ते तिला ऑफिसात दिसावं. आठ वर्षांची नात, दोन म्हातारे, एका डब्यात पोहे, एका डब्यात कडक भाकरी नि चटणी.

चुकायचा प्रश्नच नव्हता, तरी चुकलो. सदर्न क्रॉसला समोर गाडी उभी दिसली, मी दोघींना घेऊन चढलो. अर्धा तास झाल्यावर ईराने दारावरची पाटी वाचली आणि शांतपणे म्हणाली, "आबा, ही लिलीडेलला चाललीय." रिंगवूड नावाच्या स्टेशनपर्यंत दोन्ही गाड्या एकाच वाटेने येतात आणि तिथे फाटे फुटतात, एक बेलग्रेव्हला, एक लिलीडेलला. रिंगवूड यायचं बाकी होतं, ते नशीब. समोरच्या आजीबाईंनीही हातवारे करून तेच सांगितलं. रिंगवूडला उतरलो, मागची गाडी धरली. मी मुळात दीड तास हातात ठेवून निघालो होतो. कुर्डूवाडी जंक्शनच्या माणसाला गाडी बदलण्याचं भय नसतं, पण तो वेळ हातात ठेवतो.

कुर्डूवाडी म्हणायचं कारण असं की माझं बालपण तिथलं. वडील नॅरोगेजच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. बार्शी लाइट रेल्वे. १८९७ साली कुर्डूवाडी ते बार्शी सुरू झालेली, पुढे एका बाजूला पंढरपूर-मिरज आणि दुसऱ्या बाजूला लातूरपर्यंत गेलेली. आषाढीला तिच्या टपावर वारकरी बसलेले मी पाहिलेत. वडील संध्याकाळी घरी आले की कॉटन वेस्टने, म्हणजे सुताच्या गुंत्याने, पुसलेल्या हातांना तेलाचा नि कोळशाचा वास असायचा, आणि तो साबणाने जात नसे. मी पहिलीत असताना त्यांनी मला रुळांमध्ये उभं केलं आणि मोजायला लावलं. माझ्या पाच विती आणि वर थोडं. "किती?" म्हणाले. मला काय कळणार. "दोन फूट सहा इंच. लक्षात ठेव." फूट आणि इंच मी शाळेत नव्हे, तिथे शिकलो.

बेलग्रेव्हला उतरून पाच मिनिटं चालल्यावर खाली छोटं स्टेशन दिसलं आणि मी जिन्यातच थांबलो. डोळ्यांआधी नाकाने ओळखलं. तोच वास. फलाटावर लाल डबे, पुढे काळं इंजिन, धुराड्यातून संथ धूर, आणि खाली ते रूळ, चिमुकले, जवळजवळ.

या गाडीची गंमत म्हणजे डब्याच्या बाजू उघड्या असतात आणि कठड्यावर बसून पाय बाहेर सोडायची मुभा असते. पोटाशी आडव्या दांड्या. ईरा आधीच बसली होती. मी बसलो. ही पंजाबी ड्रेसची ओढणी सावरत म्हणाली, "या वयात?" आणि शिट्टी झाली तशी पटकन येऊन मधे बसली. थोडं पुढे गेलं की लाकडी खांबांचा उंच पूल येतो, वळणावळणाचा. आपलंच इंजिन आपल्याला पुढे वळताना दिसतं. खाली रस्त्यावर मोटारी थांबवून लोक हात करतात. अनोळखी माणसं, कारण काही नाही, गाडी चाललीय म्हणून. उंच निलगिरी, त्यांच्या पायथ्याशी माणसापेक्षा मोठे नेचे, मधूनच धुराचा लोट अंगावर. हिच्या डोळ्यात कण गेला. मी रुमालाचं टोक करून फुंकर घातली, जशी माझी आई घालायची. दोघांनाही हसू आलं. हा कोळशाचा कण डोळ्यात जाऊन निदान पंचेचाळीस वर्षं झाली असतील.

साधारण तासाभराने लेकसाइड येतं. तिथे तळं आहे, हिरवळ आहे, लोक जेवणाचे डबे सोडून बसतात. आम्हीही बसलो. पण माझं लक्ष इंजिनाकडे. ते डब्यांपासून सोडवून दुसऱ्या रुळावरून पाठीमागे आणून जोडत होते. हे करणारे बहुतेक सगळे स्वयंसेवक, पगार नाही. एक माझ्याच वयाचे गृहस्थ, निळ्या डांगरीत, फडक्याने हात पुसत उभे होते. मी जवळ जाऊन माझ्या शाळामास्तरी इंग्रजीत विचारलं, "गेज किती?"

हा देश पन्नास वर्षांपूर्वी मीटरवर गेलेला. सातशे बासष्ट मिलिमीटर असं काहीतरी उत्तर येईल असं वाटलं. गृहस्थ म्हणाले, "दोन फूट सहा इंच."

पुढचं इंग्रजी मला सुचेना. मग सांगितलं, भारतात आमच्या गावची गाडी याच मापाची होती, वडील तिच्या वर्कशॉपमध्ये होते. "कुठली?" म्हणाले. बार्शी म्हटलं. त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. "बार्सी? काल्थ्रॉपची लाइन?" मी उडालोच. एव्हरार्ड काल्थ्रॉप, बार्शी लाइट बांधणारा इंजिनीअर. हे नाव बार्शीत आज दहा माणसांना सांगता येणार नाही, आणि हा माणूस ते पृथ्वीच्या खालच्या टोकाला डोंगरात उभा राहून सांगत होता. नॅरोगेजवेड्यांना म्हणे ही लाइन पाठच असते. मग त्यांनी मला इंजिनाशी नेलं. या जातीची पहिली दोन इंजिनं अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्यातून आली, बाकीची त्याच नमुन्यावर इथेच मेलबर्नजवळ न्यूपोर्टच्या वर्कशॉपमध्ये बांधली. ही लाइन १९०० साली सुरू झाली. १९५३ साली दरड कोसळून वाट बंद झाली, आणि पुढच्या वर्षी रेल्वेने ती कायमचीच बंद करायचं ठरवलं. तर १९५५ साली हौशी लोकांनी संस्था काढली, सुट्टीच्या दिवशी फावडी घेऊन येऊ लागले, आणि १९६२ साली गाडी पुन्हा धावली. "आता रिटायर होऊन इथे येतो," ते म्हणाले. "घरी बसलं की बायको ओरडते."

१९५४ सालीच आपल्या सरकारने बार्शी लाइट कंपनीकडून ताब्यात घेतली होती, हे मी त्यांना सांगितलं. आणि २००८ साली आमच्याकडे ब्रॉडगेज झालं, तेही. ते काही बोलले नाहीत. मीच म्हटलं, झालं ते बरंच झालं. लातूरहून मुंबईला लोक थेट जातात, कुर्डूवाडीला मध्यरात्री बोचकी उचलून धावायला लागत नाही. हे मी मनापासून म्हणालो. तरी बोलताना हात इंजिनाच्या गरम पत्र्याजवळ धरलेला होता, आणि तो मी काढला नाही.

निघताना त्यांनी त्यांच्याजवळचं कॉटन वेस्ट मला हात पुसायला दिलं. हात पुसून मी ते खिशात टाकलं. घरी सुनेने पँट धुवायला टाकताना ते बाहेर काढून विचारलं, "बाबा, हे टाकू का?" मी म्हटलं, राहू दे.

त्या दिवसापासून मुलाची काळजी कमी झाली, का आमची भीड चेपली, कोण जाणे. शाळा सुरू झाल्यावर ईराला सोडायचं-आणायचं काम आमच्याकडे आलं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं एक तास पुढे सरकतात. आदल्या दिवसापर्यंत बार्शी साडेचार तास मागे होती, दुसऱ्या दिवशी साडेपाच. हिच्या बहिणीला हे काही केल्या पटेना. "तुम्ही आणखी लांब गेलात का?" असं तिने फोनवर विचारलं.

दोघंच आम्ही शहरात बरेचदा गेलो. मधल्या भागात ट्रामला तिकीटच लागत नाही, त्यामुळे पाय दुखले की चढायचं, बरं वाटलं की उतरायचं. स्टेट लायब्ररीत एक घुमटाखालचा वाचनकक्ष आहे, १९१३ सालचा, अष्टकोनी, मधोमध उंच चौथरा आणि त्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारखी टेबलं. तिथे कुणी तुम्हाला कार्ड विचारत नाही. ही भरतकाम घेऊन बसायची, मी गणिताची जुनी पुस्तकं चाळत. बाहेर हवा दिवसातून चार वेळा बदलायची. मेलबर्नला एका दिवसात चारही ऋतू होतात म्हणतात, ती अतिशयोक्ती नाही. छत्री, स्वेटर आणि टोपी तिन्ही रोज बरोबर.

एमसीजीला, म्हणजे मेलबर्नच्या क्रिकेट मैदानावर, मुलगा घेऊन गेला. आत मैदान बघताना काही वाटलं नाही, फार मोठं आहे, बस्स. बाहेर मात्र डेनिस लिलीचा पुतळा आहे, चेंडू टाकतानाचा. फेब्रुवारी १९८१. पहाटे ट्रान्झिस्टर कानाशी. लिलीच्या चेंडूवर गावसकर पायचीत, बॅटला लागलाय असं त्याचं म्हणणं, आणि रागाने तो चेतन चौहानलाही घेऊन निघालेला, याच मैदानावर. दुसऱ्याच दिवशी १४३ धावा हव्या असलेल्या ऑस्ट्रेलियाचा डाव ८३ वर आटोपला, दुखऱ्या मांडीने कपिलने पाच घेतले. मी पुतळ्यासमोर उभा राहून म्हटलं, "बॅटला लागला होता हो." ईराने आईला विचारलं, "आबा कुणाशी बोलतोय?"

आता नातेवाईक. माझी भाची बेंडिगोला नर्स आहे. इथे पाहुणे म्हणून जाणं म्हणजे तीन आठवडे आधी कॅलेंडर उघडायचं. तिची रात्रपाळी, नवऱ्याची पाळी, मुलाचा पोहण्याचा क्लास, सगळं जमवून चार दिवस मिळाले. मुलगा म्हणाला, मी गाडीने सोडतो. आम्ही म्हटलं, नको. सनशाइनला गाडी बदलली की सरळ बेंडिगो. दीडशे किलोमीटर जा नाहीतर शहरातल्या शहरात फिरा, दिवसाचं जास्तीत जास्त भाडं तेवढंच कापतात. फलाटावर भाची उभी होती, गणवेशातच, रात्रपाळी संपवून आलेली. हिच्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, "मामी, सगळे मेलबर्नला येतात आणि तिथूनच परत जातात. गाडीत बसून माझ्या घरी आलेले तुम्हीच पहिले."

दिवसा ती झोपायची, आम्ही आवाज न करता बाहेर पडायचो. बेंडिगो सोन्याच्या खाणीवर वाढलेलं गाव, १८५१ नंतर जगभरचे लोक इथे सोनं शोधायला आले, चिनीही खूप आले. जुन्या इमारती नुसत्या थाटाच्या. आम्ही रोझलिंड पार्कमध्ये बसायचो. तिथल्या झाडांवर शेकडो मोठी वटवाघळं उलटी टांगलेली, भर दुपारी एकमेकांशी कचाकचा भांडत. ही म्हणाली, "शेवटी सांगोल्याच्या माझ्या माहेरासारखं काहीतरी सापडलं." माहेरी चिंचेवर असत म्हणे. संध्याकाळी भाची उठली की ही पिठलं टाकायची आणि आम्ही कडक भाकरी त्यात कुस्करायचो. भाचीने शेवटच्या तीन भाकरी कागदात गुंडाळून कपाटात वर ठेवल्या. मुलाच्या हाताला लागू नयेत म्हणून.

दिवाळीचं फार सांगत नाही. चकली फसली, कारण भाजणी इथे दळली ती जाड राहिली. मराठी मंडळींच्या कार्यक्रमाला गेलो, चांगला झाला, जेवणाची रांग मोठी होती.

नोव्हेंबरात फिलिप आयलंडला पेंग्विन बघायला गेलो ते मात्र कायमचं लक्षात राहील. समुद्रकिनाऱ्यावर पायऱ्या, त्यांवर शेकडो लोक, गार वारा. हिने शालीवर शाल घेतली होती. आठ वाजून गेले तरी उजेड. अंधारू लागलं तशी घोषणा झाली की फोन, कॅमेरे बंद. फोटो काढायचाच नाही, उजेडाने पेंग्विन बिचकतात. आणि मग इतकी माणसं नुसती बसून राहिली. कुणाच्या हातात काही नाही. गेल्या कित्येक वर्षांत एवढा जमाव मी असा पाहिला नव्हता. लाटेच्या फेसातून काहीतरी पांढरं उठलं, पुन्हा पाण्यात गेलं. मग पाच-सहा जण एकदम. वीतभराहून थोडे उंच, एक-दीड फूट फार तर, वजन किलोभर. किनाऱ्यावर येऊन ते थांबायचे, एकमेकांकडे बघायचे, एखादा घाबरून परत पाण्यात पळाला की सगळे पळायचे. मग पुन्हा जमून, घोळका करून, वाळू ओलांडून आपापल्या बिळाकडे. दिवसभर समुद्रात मासे धरून घरी परतणारे. ईरा माझ्या मांडीवर झोपून गेली होती. सूनबाई हळूच म्हणाली, "बाबा, आम्हीपण असेच येतो ना साडेसहाच्या गाडीने?"

तोवर मॅगपायची पिल्लं मोठी झाली होती. करड्या रंगाची, आईबापांच्या मागे चोच वासून फिरणारी. बाप मला बघूनही काही करेना. मला जरा वाईटच वाटलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, निघायला आठ-दहा दिवस उरले असताना, कोपऱ्यावरच्या बागेत नेहमीच्या बाकावर एक नवे गृहस्थ दिसले. गुंटूरहून आलेले, येऊन तीन दिवस झालेले, मुलीकडे. तिथे आम्हा आजोबांचा कट्टाच असतो, दोन सरदारजी, एक बडोद्याचे पटेल, मी. भाषा सगळ्यांची मोडकीतोडकी हिंदी. नवे गृहस्थ हात मांडीवर ठेवून, पाहुण्यासारखे बसले होते. पुष्कळ वेळाने त्यांनी विचारलं, "इथे बघण्यासारखं काय काय आहे?"

सरदारजींनी समुद्राकाठचा रस्ता सांगितला, पटेलांनी कॅसिनोच्या बाहेर रात्री उडणाऱ्या आगीच्या ज्वाळा सांगितल्या. माझ्याकडे वळले तेव्हा मी घड्याळ बघितलं. दहाला पाच कमी होती.

"मायकी कार्ड आहे का?" मी विचारलं. होतं, जावयाने दिलेलं, खिशात, अजून प्लास्टिकच्या पिशवीत. "मग चला," मी म्हटलं. "दहा वाजून सात मिनिटांनी स्टेशनची बस आहे. कॉफी पिऊन परत येऊ."

ते उठले, मग माझ्या टोपीकडे बघून थबकले. मागचे डोळे आता उन्हाने पुसट झाले होते. मी म्हटलं, ते बसमध्ये सांगतो.